अग्निबाणाची कल्हई

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

१५ ऑक्टोबर १९९४. श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही या आपल्या अग्निबाणाचं दुसरं उड्डाण झालं आणि ते यशस्वी ठरलं. आदल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९९३ मध्ये, पहिलं उड्डाण अपयशी होऊन सगळं बंगालच्या उपसागरात गेलं होतं. त्यामुळे आमच्या कारखान्यात त्या दिवशी दिवाळीआधीच दिवाळी झाली. मी तिथं तपासणी विभागात होतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं पोलादी कवच ज्या कारखान्यांत घडतं, त्यांपैकी तो एक. २.८ मीटर व्यासाचे पोलादी दंडगोल. त्यांचा जोड नीट बसतो की नाही, गोलाई बरोबर आहे की नाही, वेल्डिंगमध्ये केसाएवढी भेग तर नाही ना, हे तपासायचं आणि सही करायची, हे माझं काम.

पेढे घेऊन घरी गेलो. आईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझं भांडं आलं का माघारी?"

मी म्हटलं, "नाही गं. ते दोन मिनिटंसुद्धा जळत नाही. मग सुटतं आणि समुद्रात पडतं."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

ती काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मला अजून आठवतं. जिनं लग्नात मिळालेलं पातेलं चाळीस वर्षं वापरलं, तिला लेक महिनोन्‌महिने खपून जे भांडं घडवतो ते दोन मिनिटांत समुद्रात टाकतात, हे काही पटलं नव्हतं. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते तिच्या त्या प्रश्नाविषयी. अग्निबाण माघारी आणता येतो का? आणि आणला, तर तो परवडतो का?

आधी हे बघू, की तो टाकून का देतात. उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरत ठेवायचं तर त्याला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग द्यावा लागतो. एवढा वेग द्यायला प्रचंड इंधन लागतं, ते इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाच्या वजनात बहुतेक भाग इंधनाचाच असतो. उपग्रह म्हणजे पंगतीच्या पानातलं मीठ. म्हणून इंधन संपलेली रिकामी टाकी पुढं वाहून न्यायची नाही, ती सोडून द्यायची, अशी युक्ती निघाली. अग्निबाणाचे टप्पे होतात ते यासाठी. उधळपट्टी म्हणून नव्हे, वजनाच्या हिशेबानं आपण ते टाकतो.

आता आमच्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो. गावात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. पिंपळाखाली खड्डा करून भट्टी लावायचा, भाता चालवायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं पुसलं की काळं पडलेलं भांडं चांदीसारखं व्हायचं. पण एखादं भांडं तो हातात घ्यायचा, तळाला बोट लावून वाजवायचा आणि आईला म्हणायचा, "वहिनी, याचा तळ पातळ झाला. कल्हईत पैसे घालू नका, मोडीत द्या." भांडं परत येणं वेगळं आणि परत चुलीवर चढणं वेगळं, हे मी त्या पिंपळाखाली शिकलो. आणि मधे कल्हईचा खर्च असतो.

हाच धडा अमेरिकेला स्पेस शटलनं शिकवला, आणि फार महागात शिकवला.

जानेवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी शटलची घोषणा केली. मुळात कल्पना अशी होती, की दोन्ही टप्पे पूर्णपणे परत यावेत, विमानासारखे उतरावेत. पण त्यासाठी लागणारा पैसा सरकार द्यायला तयार नव्हतं. मग तडजोड झाली. अंतराळवीरांचं यान परत आणायचं. बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर पॅराशूटनं समुद्रात उतरवायचे आणि जहाजांनी ओढून आणायचे. मधली मोठी नारिंगी टाकी मात्र दर वेळी टाकून द्यायची. म्हणजे शटल हा अर्धवट पुन्हा वापरता येणारा अग्निबाण होता. दर दोन आठवड्यांनी तेच यान पुन्हा उडवता येईल, असा अंदाज त्या वेळी बांधला होता.

प्रत्यक्षात काय झालं? एप्रिल १९८१ ते जुलै २०११ या तीस वर्षांत १३५ उड्डाणं झाली. एका वर्षातली सर्वांत जास्त उड्डाणं नऊ, तीही १९८५ साली. एकाच यानाची दोन उड्डाणं लवकरात लवकर झाली तरी मधे ५४ दिवस गेले. कारण कल्हई! यानाच्या अंगावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या सुमारे २४ हजार फरशा होत्या. प्रत्येक फेरीनंतर त्या तपासायच्या, खराब झालेल्या बदलायच्या. मोठी इंजिनं काढून पाहायची. बूस्टर खाऱ्या पाण्यात बुडून आलेले. ते सुटे करायचे, धुवायचे आणि रेल्वेनं दूर यूटा राज्यात पाठवून पुन्हा भरून आणायचे. सगळा कार्यक्रम धरून हिशेब मांडला, तर एका उड्डाणाला सरासरी दीड अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला. भांडं माघारी येत होतं, पण कल्हईवाल्याचं बिल नव्या भांड्याच्या वर जात होतं.

आणि पैशांचं नुकसान हे काही सर्वांत मोठं नुकसान नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. आमच्या विभागात त्याचा अहवाल आला तेव्हा आम्ही तो अक्षरशः ओळ न् ओळ वाचला. कारण दोष होता तो बूस्टरच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यात. म्हणजे आम्ही जे तपासत होतो, त्याच ठिकाणी. सांध्यातून गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून ओ-रिंग नावाची रबरी कडी बसवलेली असतात. त्या पहाटे कडाक्याची थंडी होती, रबर कडक झालं, सांधा नीट बंद झाला नाही. आधीच्या उड्डाणांतून परत आलेल्या बूस्टरच्या सांध्यांत ही कडी जळाल्याच्या खुणा दिसल्या होत्या. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री उड्डाण नको म्हणून सांगितलंही होतं. श्रोतेहो, भांडं परत येण्याचा एक मोठा फायदा असतो. ते बोलतं. कुठं झिजलं, कुठं तापलं, ते दाखवतं. समुद्राच्या तळाशी गेलेलं भांडं काहीच सांगत नाही. शटलचे बूस्टर बोलत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर फुटलं. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. तिथं टाकून द्यायच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा उड्डाणाच्या वेळी सुटला आणि परत येणाऱ्या यानाच्या डाव्या पंखावर आदळला. जे टाकायचं आणि जे जपायचं, ते एकमेकांना चिकटून उभं केलं, की असा धोका राहतो.

शटल निवृत्त झालं. त्यानंतरची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे आर्टेमिस मोहिमेचं पहिलं यान गेलं. त्या अग्निबाणाची चारही मुख्य इंजिनं आधी शटलवर उडालेली होती. बूस्टरच्या कवचाचे तुकडेही शटलच्या काळातले होते. पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी बनवलेली ती इंजिनं आणि ते तुकडे या वेळी परत आणलेच नाहीत. समुद्रात जाऊ दिले. ज्यांनी तीस वर्षं भांडी माघारी आणली, त्यांनीच हिशेब करून ती सोडून दिली. मी कवचाचा माणूस. ही बातमी वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

मग परत आणण्याचा विचारच चुकीचा होता का? नाही. काय परत आणायचं, याची निवड चुकली होती.

स्पेसएक्स या कंपनीनं फाल्कन ९ हा अग्निबाण २०१० मध्ये प्रथम उडवला. याचे टप्पे दोन. पहिल्या टप्प्याला नऊ इंजिनं, दुसऱ्याला एक. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांच्या सांगण्यानुसार सगळ्या अग्निबाणाच्या किमतीत सुमारे ६० टक्के वाटा एकट्या पहिल्या टप्प्याचा. आणि हाच टप्पा परत आणायला सोपा. तो सुटतो तेव्हा उंची असते ६५-७० किलोमीटर आणि वेग ताशी सुमारे आठ हजार किलोमीटर. दुसरा टप्पा मात्र थेट २८ हजारांपर्यंत पोहोचतो. वेग साडेतीन पट झाला, की त्यातली ऊर्जा साडेतीन गुणिले साडेतीन, म्हणजे बारा पट होते. परत येताना ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन अंगावर येते. शटलनं हाच बारा पटींचा विस्तव अंगावर घेतला, म्हणून त्याला २४ हजार फरशा लागल्या. फाल्कननं ठरवलं, की सर्वांत महाग आणि सर्वांत कमी भाजणारा भाग तेवढा परत आणायचा; वरचा जाऊ द्यायचा.

सुरुवातीला त्यांनीही पॅराशूट लावून पाहिली. ती उघडण्याआधीच टप्पा हवेत मोडायचा. मग इंजिनं पुन्हा पेटवून उभं उतरायचं ठरलं. जाळीसारख्या पंखांनी दिशा धरायची, इंजिनानं वेग कमी करायचा आणि शेवटी पाय पसरून उभं राहायचं. यात गंमत अशी, की रिकामा झालेला टप्पा इतका हलका असतो, की एकच इंजिन अगदी मंद केलं तरी ते त्याला वर उचलेल. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं तरंगत थांबायची सोय नाही. वेग शून्य व्हायची वेळ आणि पाय टेकायची वेळ एकच असावी लागते. जरा आधी झालं तर वर जाईल, जरा उशिरा झालं तर आपटेल.

आणि तो आपटला. जानेवारी २०१५ मध्ये पंख फिरवणारं तेल संपलं आणि टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर कोसळला. एप्रिलमध्ये एक झडप वेळेवर हलली नाही, तो कलंडला. जानेवारी २०१६ मध्ये अगदी अलगद उतरला, पण एका पायाची खीळ बसली नाही, म्हणून आडवा झाला. या सगळ्यांत एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी हे प्रयोग वेगळा खर्च करून केले नाहीत. गिऱ्हाईकाचा माल पुढच्या वाटेला लागल्यावर जो टप्पा एरवी पडणारच होता, त्याच्यावर केले.

२१ डिसेंबर २०१५ च्या रात्री फ्लोरिडात पहिला टप्पा जमिनीवर नीट उभा राहिला. जगभर टाळ्या झाल्या. पण तो टप्पा पुन्हा कधीच उडाला नाही. कंपनीनं तो आपल्या मुख्यालयाबाहेर उभा करून ठेवला. माझ्या आईच्या भाषेत, ते भांडं माघारी आलं, पण चुलीवर चढलं नाही. खरा दिवस त्यानंतर आला: ३० मार्च २०१७. एप्रिल २०१६ मध्ये तराफ्यावर उतरलेला टप्पा त्या दिवशी दुसऱ्यांदा उडाला आणि पुन्हा उतरला. मधे जवळजवळ वर्ष गेलं होतं. मार्च २०२५ मध्ये एक टप्पा नवव्या दिवशी पुन्हा उडाला. २०२५ मध्येच एका टप्प्यानं तिसाव्या उड्डाणाची पायरी ओलांडली. एक वर्षावरून नऊ दिवस: माझ्या मते सगळं यश या एका आकड्यात आहे. उतरण्याची चित्रं आपण टीव्हीवर पाहतो, कल्हई स्वस्त झाली ती मात्र दिसत नाही.

याची किंमत मोजावी लागतेच. परतीचं इंधन, पाय, पंख हे सगळं वाहून न्यायचं, म्हणून उपग्रहासाठी उरणारी क्षमता सुमारे पाव हिस्स्यानं घटते. तेवढी घट परवडते ती एकाच कारणानं: उड्डाणं पुष्कळ आहेत. २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणं झाली. त्यांतली बरीचशी त्यांच्याच इंटरनेट उपग्रहांची.

इथं आपल्याकडचा प्रश्न सुरू होतो. त्याच २०२४ मध्ये इस्रोची उड्डाणं झाली पाच. युरोपातल्या एरियान अग्निबाणाच्या कंपनीच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत हाच मुद्दा मांडला होता. आम्हाला वर्षाला दहा उड्डाणं असतील आणि एक अग्निबाण दहादा वापरता आला, तर आम्ही वर्षाला एकच बनवू. मग कामगारांना काय सांगायचं, पुढच्या वर्षी या? पुष्कळांनी तेव्हा त्यांची थट्टा केली. मी केली नाही. पोलाद घडवणारा, वेल्डिंग करणारा हात वर्षभर रिकामा राहिला, की त्याचं कसब जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर एकदा कारखान्यात गेलो होतो. तपासणी विभागातला एक तरुण मला म्हणाला, "साहेब, रॉकेट परत यायला लागलं तर आपल्याला काम कोण देणार?" प्रश्न खोटा नव्हता. त्याच्या घराचा हप्ता चालू होता.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की आपण थांबलो म्हणून जग थांबत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला जीसॅट-एन२ हा ४७०० किलोचा उपग्रह फ्लोरिडाहून फाल्कन ९ वरून गेला. आपल्या सर्वांत बलवान अग्निबाणाची त्या कक्षेसाठीची क्षमता चार टनांच्या आसपास होती. म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या गाडीत भरला, आणि तीही आधी अनेकदा धावून आलेली गाडी. भाडं आपण दिलं.

दुसरी ही, की आपणही स्वस्थ बसलेलो नाही. जानेवारी २००७ मध्ये इस्रोनं कक्षेत पाठवलेली एक कुपी बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरातून सुखरूप परत आणली. मे २०१६ मध्ये पंखांचं छोटं यान ६५ किलोमीटर उंचीवरून ध्वनीच्या पाचपट वेगानं खाली आणून पाहिलं. २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरमधून सोडलेलं पुष्पक हे यान तीन वेळा आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ८२४० कोटी रुपयांच्या नव्या अग्निबाणाला मंजुरी दिली. तो कक्षेत ३० टनांपर्यंत माल नेणार आणि त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता यावा, अशी योजना आहे. म्हणजे आपणही अर्धवटच परत आणायचं ठरवलं आहे, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे.

तो तरुण म्हणाला, "पण आपलं कवच?"

त्याला मी खोटा धीर दिला नाही. आपलं कवच घन इंधनाचं. घन इंधन एकदा पेटलं की दिवाळीतल्या बाणासारखं. विझवता येत नाही, मंद करता येत नाही. ते स्वतः पाय टेकून उतरणार नाही. उद्या परत येणाऱ्या टप्प्यांचा जमाना आला, तर अशी कवचं कमी लागतील. पण मी त्याला कल्हईवाल्याची गोष्ट सांगितली. नवं भांडं तपासायला मोजमाप पुरतं. व्हर्निअर लावा, डायल गेज फिरवा, कागदाशी ताडून पाहा, सही करा. पण दहा वेळा विस्तवातून आलेलं भांडं अकराव्यांदा चढवायचं की मोडीत द्यायचं, हे सांगायला तळाला बोट लावून आवाज ओळखणारा माणूस लागतो. शटलला तशी माणसं मिळाली होती. त्यांचं ऐकणारं कुणी मिळालं नाही. उद्या आपला टप्पा उतरेल, तेव्हा त्याच्याभोवती फिरून "हा नको" असं म्हणणारा माणूस आपल्याला लागेल, आणि त्याचं म्हणणं ऐकून उड्डाण थांबवणारा साहेबही लागेल. त्या मुलाला मी म्हटलं, "तू ते काम शिक. घडवणं कमी होईल, तपासणं वाढेल."

त्याला ते कितपत पटलं, मला माहीत नाही. मान हलवून तो कामाला लागला.

आई आता नाही. तिचं ते लग्नातलं पातेलं आमच्या घरी आहे. गावात आता कल्हईवाला येत नाही, म्हणून ते फडताळात वर ठेवलं आहे. मधे एकदा मी ते काढून तळाला बोट लावून वाजवलं. आवाज अजून खणखणीत आहे. कल्हईवाला मिळाला, तर पुन्हा चुलीवर चढेल.